विश्लेषण : बास्केटबॉल, हेरॉइन, पंक आणि कविता… जिम कॅरोल यांची गोष्ट आजही का सांगितली जाते?

‘टायटॅनिक’ने जगभर प्रसिद्धी मिळण्याच्या दोन वर्षे आधी लिओनार्डो डिकॅप्रिओने एका व्यसनी शाळकरी मुलाची भूमिका केली होती. ‘द बास्केटबॉल डायरीज’ हा तो चित्रपट. पडद्यावरचा तो मुलगा काल्पनिक नव्हता. त्याचे नाव जिम कॅरोल. वयाच्या तेराव्या वर्षी हेरॉइनच्या नादी लागलेला हा मुलगा पुढे कवी झाला, तिशीत पंक रॉकचा गायक झाला आणि अखेरची वर्षे एका कादंबरीवर काम करत राहिला. ती कादंबरी छापून आली तेव्हा मात्र तो या जगात नव्हता.

जिम कॅरोल यांचे बालपण कसे होते?

कॅरोल यांचा जन्म १ ऑगस्ट १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. कुटुंब आयरिश वंशाचे, कॅथलिक, कष्टकरी वर्गातले. वडिलांचा बार होता. सुरुवातीची वर्षे मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या भागात गेली. पुढे हे कुटुंब शहराच्या अगदी उत्तर टोकाला, इनवुड भागात राहायला गेले. एका बाजूला हडसन नदी, दुसऱ्या बाजूला हार्लेम नदी आणि मधे आयरिश कुटुंबांची दाट वस्ती, असा हा परिसर. उंच कड्यावरून हार्लेम नदीत उड्या मारणे हा तिथल्या मुलांचा उन्हाळी खेळ. जिम त्यात पुढे असे.

घरात आणि शाळेत धर्माचे वातावरण होते. प्राथमिक शिक्षण कॅथलिक शाळांमध्ये झाले. पाप, कबुली, शिक्षा आणि शुद्ध होण्याची ओढ हे शब्द त्याने लहानपणीच ऐकले आणि ते आयुष्यभर त्याच्या लेखनातून गेले नाहीत. त्याच्या सर्वांत गाजलेल्या अल्बमचे नाव ‘कॅथलिक बॉय’ असावे, हा योगायोग नव्हता.

बास्केटबॉलने त्याला काय दिले?

इनवुडसारख्या वस्तीतील मुलासाठी बास्केटबॉल हा केवळ खेळ नव्हता. वरच्या वर्गात जाण्याची ती शिडी होती. जिम उंच, चपळ आणि अचूक खेळणारा होता. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झालेला ल्यू अल्सिंडरही याच इनवुडमधला, वयाने जिमपेक्षा दोन वर्षांनी मोठा. म्हणजे खेळातून कुठवर जाता येते, याचे उदाहरण शेजारीच होते.

खेळामुळे १९६४ मध्ये जिमला ट्रिनिटी स्कूलची शिष्यवृत्ती मिळाली. १७०९ साली स्थापन झालेली ही शाळा न्यूयॉर्कमधील सर्वांत जुन्या आणि श्रीमंत शाळांपैकी एक. बारमालकाचा मुलगा आता बड्या घरच्या मुलांच्या शेजारी बसू लागला. १९६६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या शालेय ऑल-स्टार सामन्यात त्याची निवड झाली. मैदानावर सगळे नीट चालले होते. मैदानाबाहेर नव्हते.

हेरॉइन आयुष्यात कधी आले?

ट्रिनिटीत पाऊल ठेवण्याआधीच. वयाच्या तेराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा हेरॉइन घेतले. त्यामागचा गैरसमज त्याने डायरीत नोंदवून ठेवला आहे. गांजाची सवय लागते आणि हेरॉइनची लागत नाही, अशी त्याची समजूत होती. हेरॉइनबद्दलची ही समजूत साफ चुकीची होती. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमध्ये हेरॉइन सहज मिळत होते आणि त्याच्या धोक्याबद्दल मुलांशी नीट बोलणारे फारसे कोणी नव्हते. त्या अज्ञानाची किंमत अनेक मुलांनी जिवाने चुकवली.

हेरॉइन मेंदूतील वेदना आणि सुखाच्या केंद्रांवर थेट काम करते. शरीर काही आठवड्यांत त्यावर अवलंबून राहू लागते. मग मजा संपते आणि रोजची मात्रा केवळ त्रास टाळण्यासाठी घ्यावी लागते. मात्रा टळली की अंगदुखी, घाम, उलट्या आणि झोप उडणे असे हाल सुरू होतात. त्यासाठी रोज पैसा लागतो. शाळकरी मुलाकडे तो कुठून येणार? जिमने चोऱ्या केल्या, वाटमारी केली, पुरुषांना देह विकला. रायकर्स बेटावरच्या सुधारगृहात काढलेल्या दिवसांचे वर्णनही डायरीत आहे. सकाळी ट्रिनिटीचा गणवेश आणि संध्याकाळी रस्त्यावरचा धंदा, असे त्याचे दुहेरी आयुष्य सुरू होते.

मग डायरी कशासाठी लिहिली?

साधारण बाराव्या वर्षापासून जिम वहीत लिहू लागला होता. मित्र, सामने, चोऱ्या, मुली, नशा, आई-वडिलांशी होणारी भांडणे सगळे त्यात येई. या लेखनाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यात पश्चात्तापाचा सूर जवळजवळ नाही. मोठ्या माणसाने मागे वळून दिलेला उपदेशही नाही. रस्त्यावरच्या मुलाची बोली, त्याचा विनोद आणि त्याचा निर्लज्जपणा जसाच्या तसा कागदावर उतरला. मात्र मधूनच एखादी ओळ अशी येते की लिहिणाऱ्याला आपले काय होते आहे हे पुरते कळते, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

यातील सगळे तंतोतंत घडले का, असा प्रश्न पुढे विचारला गेला. किती नोंदी त्या वयातल्या आणि कितींवर नंतर हात फिरवलेला, याचा काटेकोर हिशेब लावणे कठीण आहे. तरी या डायरीचे मोल मानले जाते ते तिच्या आवाजामुळे. व्यसनावर डॉक्टर, पोलीस आणि समाजसुधारक यांनी भरपूर लिहिले होते. व्यसनात बुडालेला शाळकरी मुलगा स्वतः बोलतो आहे, हे दुर्मीळ होते.

कवितेच्या वर्तुळात प्रवेश कसा झाला?

मॅनहॅटनमधील सेंट मार्क्स चर्चमध्ये १९६६ मध्ये ‘पोएट्री प्रोजेक्ट’ सुरू झाला. चर्चच्या आवारात कवितावाचन होई, कार्यशाळा चालत आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर अंक छापले जात. साठच्या दशकातील मराठी लघुनियतकालिकांची चळवळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. पैसा नाही, प्रकाशक नाही, पण छापायची घाई मोठी, असा तो काळ. १९६२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या कवींना भेटून गेलेले अॅलन गिन्सबर्गही न्यूयॉर्कच्या याच वर्तुळातले.

किशोरवयातील जिम इथे येऊ लागला. कवी टेड बेरिगन यांनी त्याला हाताशी धरले. १९६७ मध्ये, शाळेत असतानाच, ‘ऑरगॅनिक ट्रेन्स’ ही त्याची पहिली छोटी कवितापुस्तिका निघाली. ‘ऑन द रोड’चे लेखक जॅक केरुअॅक यांनीही या मुलाच्या गद्याचे कौतुक केले. १९७० मध्ये ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या प्रतिष्ठित नियतकालिकात डायरीतील काही भाग प्रसिद्ध झाला. वाग्नर कॉलेज आणि कोलंबिया विद्यापीठात त्याने नाव घातले, पण तिथे फार काळ टिकला नाही. बास्केटबॉलही सुटला होता. हेरॉइन मात्र सुटले नव्हते.

वॉरहॉल आणि पॅटी स्मिथ यांच्याशी काय संबंध?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोल चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यासाठी काम करत होते. चित्रपटांसाठी संवाद लिहिणे, नंतर वॉरहॉल यांच्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापनात मदत करणे, अशी ती कामे. त्याच सुमारास गायिका आणि कवयित्री पॅटी स्मिथ आणि छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्याबरोबर ते काही काळ एकाच घरात राहिले. तिघेही तेव्हा जवळजवळ अनोळखी होते आणि तिघांच्याही खिशात पैसे नव्हते.

या काळाची एक गमतीदार खूण संगीताच्या इतिहासात राहून गेली आहे. १९७० मध्ये ‘वेल्व्हेट अंडरग्राऊंड’ या बँडचा न्यूयॉर्कच्या ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या क्लबमधील कार्यक्रम साध्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला गेला आणि पुढे अल्बम म्हणून निघाला. गाण्यांच्या मधे पेय मागवणाऱ्या आणि नशेच्या गोळ्यांची चौकशी करणाऱ्या एका तरुणाचा आवाज त्यात ऐकू येतो. तो कॅरोल यांचा आहे.

१९७३ मध्ये ‘लिव्हिंग अॅट द मूव्हीज’ हा त्यांचा पहिला मोठा कवितासंग्रह आला. वय अवघे २३. नाव होत होते, पण शरीर ढासळत होते.

न्यूयॉर्क का सोडले?

जगायचे असेल तर जुने शहर, जुने मित्र आणि जुने विक्रेते सोडावे लागतील, हे कॅरोल यांच्या लक्षात आले. १९७३ मध्ये ते कॅलिफोर्नियातील बोलिनास या समुद्रकाठच्या गावी गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेले हे लहान गाव तेव्हा अनेक कवींचे वस्तीस्थान बनले होते.

व्यसन सोडवण्यासाठी त्यांनी मेथाडोन उपचार घेतले. मेथाडोन हेही अफूसारखे काम करणारे, पण प्रयोगशाळेत तयार केलेले औषध. देखरेखीखाली रोज ठरावीक मात्रा दिली की हेरॉइन थांबल्याचा त्रास होत नाही, तल्लफ कमी होते आणि हेरॉइनसारखी झिंगही चढत नाही. मग मात्रा हळूहळू उतरवत नेतात. ही प्रक्रिया दिवसांची नसून महिन्यांची, कधी वर्षांची असते. कॅरोल यांच्या बाबतीत ती यशस्वी ठरली. लांब चालणे, एकांत, कुत्र्याची सोबत आणि लेखन असा त्यांचा दिनक्रम होता. न्यूयॉर्कमधील शेवटच्या वर्षांची आणि या सुटकेची हकिकत त्यांनी पुढे ‘फोर्स्ड एंट्रीज’ या दुसऱ्या डायरीत लिहिली. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

कॅलिफोर्नियातच त्यांची रोझमेरी क्लेमफस यांच्याशी ओळख झाली. १९७८ मध्ये दोघांनी लग्न केले. पुढे ते वेगळे झाले, पण मैत्री टिकली. १९७८ मध्येच बोलिनासमधील एका छोट्या प्रकाशन संस्थेने ‘द बास्केटबॉल डायरीज’ पुस्तकरूपाने काढली. लिहिलेल्या ओळी पुस्तकरूपाने यायला जवळपास पंधरा वर्षे लागली होती.

कवी पंक गायक कसा झाला?

पंक रॉक हे सत्तरच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उसळलेले बंड. तेव्हाचे रॉक संगीत महागडे, लांबलचक आणि सफाईदार झाले होते. पंकने ते झुगारले. दोन-तीन कॉर्ड, दोन-तीन मिनिटांचे गाणे, कर्कश गिटार आणि थेट शब्द एवढे पुरे, अशी त्यांची धारणा. गायला येणे आवश्यक नव्हते, सांगण्यासारखे काही असणे आवश्यक होते. कवींसाठी हे दार त्यामुळेच उघडले. पॅटी स्मिथ यांचा ‘हॉर्सेस’ हा १९७५चा अल्बम त्याचे ठळक उदाहरण.

कॅरोल यांना या दारातून आत ओढले तेही स्मिथ यांनीच. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो इथे स्मिथ यांचा कार्यक्रम होता. आधी वाजवणारा बँड ऐनवेळी बाद झाला. स्मिथ यांनी कॅरोल यांना मंचावर उभे केले आणि आपल्या वादकांना मागे वाजवायला सांगितले. कॅरोल यांनी गाणे म्हटले नाही, कविता म्हटल्या. श्रोत्यांनी त्या उचलून धरल्या. कवितावाचनाला पन्नास माणसे येतात आणि रॉकच्या कार्यक्रमाला हजारो, हे गणित त्या रात्री त्यांना प्रत्यक्ष दिसले.

त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को परिसरातील वादकांना घेऊन ‘जिम कॅरोल बँड’ उभा राहिला. रोलिंग स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांना हे काम आवडले आणि ध्वनिमुद्रणाचा करार मिळण्यात त्यांची मदत झाली. १९८० मध्ये ‘कॅथलिक बॉय’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावरील छायाचित्र अॅनी लिबोवित्झ यांचे. त्यात रॉक गायकाच्या दोन्ही बाजूंना कोणी मॉडेल नाहीत. त्याचे आई-वडील उभे आहेत.

‘ते’ एक गाणे इतके का गाजले?

या अल्बममधील ‘पीपल हू डाइड’ हे गाणे कॅरोल यांची ओळख बनले. गाणे म्हणजे एक यादी आहे. लहानपणापासूनचे मित्र एकेक करून येतात आणि ते कसे गेले हे एक-दोन ओळींत सांगितले जाते. कोणी छतावरून पडले, कोणाला रक्ताचा कर्करोग झाला, कोणी गोळ्या घेतल्या, कोणी तुरुंगात आयुष्य संपवले. बहुतेकांनी विशीही नीट ओलांडलेली नाही. कल्पनेचे मूळ टेड बेरिगन यांच्या याच नावाच्या कवितेत आहे. त्या कवितेतही गेलेल्या माणसांची नोंद आहे.

शोकगीत म्हटले की संथ चाल, जड स्वर डोळ्यांसमोर येतात. इथे उलटे आहे. गाणे धावते, नाचायला लावते. प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ परत येते, की हे सगळे मित्र होते आणि ते मेले. रडायला वेळ मिळत नाही, कारण पुढचे नाव तयार असते. ज्या वस्तीत मरण इतके नित्याचे आहे, तिथे शोकाचा वेगही तसाच असतो, हे या चालीने सांगितले. डिसेंबर १९८० मध्ये जॉन लेनन यांची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली, त्या दिवसांत अमेरिकेतील रेडिओवर या गाण्याला मोठी मागणी होती.

१९८२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ या मुलांच्या चित्रपटातही हे गाणे पार्श्वभूमीला वाजले. २००४चा ‘डॉन ऑफ द डेड’ आणि २०२१चा ‘द सुइसाइड स्क्वॉड’ या चित्रपटांनीही ते वापरले. कॅरोल यांचे नाव न ऐकलेल्या कित्येकांनी ते असे ऐकलेले आहे.

मग संगीत का सोडले?

‘ड्राय ड्रीम्स’ हा दुसरा अल्बम १९८२ मध्ये आला, त्यानंतर ‘आय राइट युअर नेम’. दोन्हींना पहिल्याइतके यश मिळाले नाही. दौरे, कंपनीचा दबाव आणि रात्रीची जागरणे हे व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसासाठी धोक्याचे होते. शिवाय कॅरोल स्वतःला आधी कवी मानत. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी बँडचे काम थांबवले. १९८६ मध्ये ‘द बुक ऑफ नॉड्स’ हे कविता आणि गद्य एकत्र असलेले पुस्तक आले. पुढे ‘फिअर ऑफ ड्रीमिंग’ हा निवडक संग्रह १९९३ मध्ये आणि ‘व्हॉइड ऑफ कोर्स’ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘निर्वाणा’ बँडचा गायक कर्ट कोबेन याने १९९४ मध्ये आत्महत्या केली, त्यावरील त्यांची दीर्घ कविताही बरीच वाचली गेली. हेरॉइन आणि प्रसिद्धी एकत्र आल्यावर काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेले कवी थोडेच होते.

चित्रपटावरून वाद कशामुळे झाला?

स्कॉट काल्व्हर्ट दिग्दर्शित ‘द बास्केटबॉल डायरीज’ १९९५ मध्ये पडद्यावर आला. कथा साठच्या दशकातून उचलून नव्वदच्या दशकात आणली होती. कॅरोल स्वतःही एका छोट्या भूमिकेत दिसले. डिकॅप्रिओमुळे नवी पिढी पुस्तकाकडे वळली.

मात्र चित्रपटात एक स्वप्नदृश्य आहे. त्यात काळा लांब कोट घातलेला नायक वर्गात शिरून गोळीबार करतो. डिसेंबर १९९७ मध्ये केंटकी राज्यातील एका शाळेत विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात तीन मुली मृत्युमुखी पडल्या. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड घडवले. या घटनांनंतर त्या दृश्याकडे बोट दाखवले गेले. केंटकीतील मुलींच्या पालकांनी चित्रपट आणि व्हिडीओ गेम कंपन्यांविरुद्ध खटला भरला. न्यायालयाने तो फेटाळला. पडद्यावरच्या दृश्याला खुनाला कायदेशीर जबाबदार धरता येणार नाही, हा निर्णय अपिलातही कायम राहिला. व्यसनातून वाचलेल्या मुलाची गोष्ट काही काळ भलत्याच कारणासाठी चर्चेत राहिली.

कादंबरीचे काय झाले?

अखेरची अनेक वर्षे कॅरोल ‘द पेटिंग झू’ या कादंबरीवर काम करत होते. तिचा नायक बिली वुल्फ्रॅम हा ३८ वर्षांचा यशस्वी चित्रकार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात व्हेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराची चित्रे पाहताना तो हादरतो, आपले काम पोकळ आहे असे त्याला वाटते आणि तो तिथून पळ काढतो. पुढे तो मनोरुग्णालयात पोहोचतो. त्याच्याशी बोलणारा एक अतिप्राचीन डोमकावळाही कथेत आहे. अल्पवयात मिळालेल्या यशानंतर निर्मिती आटली तर कलावंताने काय करायचे, हा कादंबरीचा मुख्य प्रश्न. तो कॅरोल यांचाही होता, हे उघड आहे.

दरम्यान प्रकृती खालावत गेली. हेपटायटिस सी आणि न्यूमोनियाने शरीर पोखरले. हेरॉइन सुटून तीन दशके होऊन गेली होती, पण सुईने होणारा हेपटायटिस सी यकृतात वर्षानुवर्षे दबून राहतो. ११ सप्टेंबर २००९ रोजी, लेखनाच्या टेबलाशी बसलेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६० होते. तेव्हा ते पुन्हा इनवुडमध्ये राहत होते, जिथे लहानपणी त्यांनी चेंडू आणि वही दोन्ही हातात घेतली होती. हस्तलिखित जवळजवळ पूर्ण होते. संपादनानंतर ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीची टिपणी पॅटी स्मिथ यांची आहे.

मागे काय उरले?

कॅरोल यांच्या कवितांना अमेरिकी समीक्षेत स्थान आहे, पण सामान्य वाचकाला ते एका डायरीमुळे आणि एका गाण्यामुळे माहीत आहेत. दोन्हींची मुळे विशीच्या आतल्या आयुष्यात आहेत. पुढची चाळीस वर्षे त्या मुलाच्या सावलीतून बाहेर पडण्यात गेली, असेही म्हणता येते. मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहण्याची दुसरीही बाजू आहे. ज्या मित्रांची यादी त्यांनी गाण्यात केली, त्यांच्यापैकी कोणालाही साठ वर्षे मिळाली नाहीत. त्या यादीत आपलेही नाव सहज असू शकले असते, याची जाणीव त्यांना होती. ते वाचले आणि वाचल्यावर त्यांनी गेलेल्यांची नावे विसरू दिली नाहीत. व्यसनमुक्तीच्या कहाण्या बहुधा विजयाने संपतात. कॅरोल यांची गोष्ट तशी संपत नाही. ती लिहित्या टेबलाशी, अर्धवट कागदांसमोर थांबते. म्हणूनच ती अधिक खरी वाटते.